जुनी पिक्चर पोस्टकार्डं पुस्तकात छापताना: हक्क कोणाचा, परवानगी कोणाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षानुवर्षं जमवलेल्या पिक्चर पोस्टकार्डांमधून दीडेकशे कार्डं निवडून पुस्तक करायचं आहे. बरीच कार्डं लिलावात किंवा इतर संग्राहकांकडून विकत घेतलेली, काहींचे नुसते स्कॅन एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उतरवलेले. प्रकाशक म्हणतो, ‘परवानग्यांचं तुमचं तुम्ही बघा.’ आणि तुम्ही विचारताय की कार्डं माझ्या मालकीची आहेत, त्यातली बहुतेक शंभरीला टेकलेली आहेत, मग परवानगी मागायची तरी कोणाकडे आणि कशाला?

मालकीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सोपा आहे. कार्ड विकत घेतलं म्हणजे तो कागद तुमचा झाला. चित्राच्या प्रती काढायचा हक्क त्याच्याबरोबर येत नाही. विकणाऱ्याकडेच तो नव्हता, तर तुमच्याकडे कुठून येणार? याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. चित्रावरच्या हक्काची मुदत संपलेली असेल, तर कार्ड कोणाच्या कपाटात आहे याला कॉपीराइटच्या दृष्टीने काही अर्थ उरत नाही. एखाद्या संग्राहकाने त्याचं दुर्मिळ कार्ड तुम्हाला वापरायला दिलं तर आभार माना, पैसे ठरले असतील तर द्या, पण त्याने लिहून दिलेल्या ‘परवानगी’ने मूळ हक्कदाराचा प्रश्न सुटत नाही. लोक अशी चिठ्ठी फायलीत लावतात आणि निर्धास्त होतात.

शंभर वर्षांचं मात्र बघावं लागेल. शंभर वर्षं झाली की सगळं मोकळं, असा नियम माझ्या माहितीतल्या कुठल्याच कायद्यात नाही. मुदत कधी चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात, कधी प्रसिद्धीपासून, कधी चित्र तयार झालं त्या सालापासून, आणि कुठून मोजायची हे देशागणिक बदलतं. डोनाल्ड मॅकगिल घ्या. ब्रिटिश समुद्रकिनाऱ्यांवर खपणाऱ्या चावट कार्डांचा हा बादशहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने कार्डं काढायला घेतली आणि तो वारला १९६२ साली. त्याचं १९१० चं कार्ड अमेरिकेत केव्हाच मुक्त झालं, कारण तिथे इतक्या जुन्या प्रकाशनाला प्रसिद्धीचं साल लागू पडतं. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०२२ अखेर ते मुक्त झालं. त्याच्या स्वतःच्या देशात मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे २०३२ अखेरपर्यंत ते संरक्षितच आहे. शंभरी केव्हाच ओलांडलेलं एकच कार्ड, आणि तीन देशांत तीन उत्तरं. याउलट चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांची कार्डं. धुरंधर १९४४ साली गेले. भारतात २००४ अखेर आणि ब्रिटन-युरोपात २०१४ अखेर ती मोकळी झाली. तिथे डोकं खाजवायची गरज नाही.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न ‘कार्ड किती जुनं?’ हा नसतो. या कार्डावर कोणी काय केलंय, ते पहिल्यांदा कुठे प्रसिद्ध झालं आणि तुमचं पुस्तक कुठे विकलं जाणार, हे तीन प्रश्न मी आधी विचारतो. शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. पुस्तक ज्या देशात विकाल त्या देशाचा कायदा लागतो. फक्त भारतात विकायची छापील आवृत्ती असेल तर काम बरंच हलकं होतं. ई-बुक जगभर खुलं ठेवणार असाल तर निदान भारत, अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघ एवढ्यांचा हिशेब मांडावा लागेल.

चित्रकाराच्या कार्डापेक्षा छायाचित्राच्या कार्डात खरी गुंतागुंत असते, म्हणून तिथे जरा थांबू. भारतात छायाचित्राची मुदत पूर्वी प्रसिद्धीपासून मोजत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ती ५० वर्षं होती, १९९१ च्या अखेरीस ६० झाली. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलमच काढून टाकलं आणि छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा नियम लागू केला. पण तोवर ज्यांची मुदत संपली होती ती छायाचित्रं पुन्हा हक्काखाली आली नाहीत. हिशेब केलात तर १९५१ अखेरपर्यंत भारतात प्रसिद्ध झालेलं छायाचित्र-कार्ड भारतात बिनदिक्कत छापता येतं. १९५२ पासूनच्या कार्डांसाठी मात्र छायाचित्रकार कोण, तो हयात आहे का, गेला असेल तर कधी, हे शोधत बसावं लागतं. पन्नास-साठच्या दशकातली ती झगझगीत रंगीत कार्डं ‘जुनीच तर आहेत’ म्हणून लोक सरसकट छापतात. नेमकी तीच धोक्याची.

अमेरिकन कार्डांचं तंत्र निराळं. १९३० अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली चित्रं १ जानेवारी २०२६ पासून तिथे मुक्त आहेत आणि दर नववर्षाला ही रेषा एक साल पुढे सरकते. त्यानंतरच्या कार्डांसाठी भिंग घ्या. १९७८ पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध होणाऱ्या कृतीवर हक्काची सूचना छापणं सक्तीचं होतं. ती नसेल तर हक्क गेला. कार्डाच्या चारी कडा बघा, मागची मधली रेघ बघा, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात वर्तुळातला इवलासा ‘सी’ आणि त्याच्या शेजारी दोन आद्याक्षरं आहेत का ते बघा. पोस्टकार्डावर एवढीशी खूणही चालत असे, फक्त पूर्ण नाव कार्डावर दुसरीकडे कुठेतरी असावं लागे. खूण कुठेच नसेल तर ते अमेरिकन कार्ड मुक्त समजायला हरकत नाही. खूण असेल आणि कार्ड १९६३ पर्यंतचं असेल, तर २८ व्या वर्षी नूतनीकरण करावं लागत असे, आणि पोस्टकार्डाचं नूतनीकरण केलेलं मी फार क्वचित पाहिलंय. तरी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाच्या जुन्या नोंदींचे छापील खंड आता ऑनलाइन चाळता येतात; अंदाजावर राहण्यापेक्षा ते चाळा. आणि ही पळवाट फक्त अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झालेल्या कार्डांना आहे. परदेशी कार्डावर सूचना नसली तरी १९९६ साली अमेरिकेने अशा बऱ्याच परदेशी कृतींचे हक्क पुन्हा बहाल केले.

ब्रिटन आणि युरोपात छायाचित्रकाराचं नाव सापडलं तर मृत्यूनंतर ७० वर्षं. पुरेसा शोध घेऊनही नाव लागलं नाही, तर साधारणपणे प्रसिद्धीपासून ७०. ‘पुरेसा शोध’ या दोन शब्दांवर सगळा डोलारा उभा आहे. कार्डावर नाव नाही म्हणजे छायाचित्रकार अज्ञात, असं होत नाही. तेच चित्र दुसऱ्या एखाद्या प्रकाशकाच्या कार्डावर नावासकट छापलेलं असू शकतं.

साल कसं ठरवायचं? टपालाचा शिक्का फक्त एवढंच सांगतो की कार्ड त्या तारखेच्या आधीचं आहे. दुकानात पडून राहिलेलं कार्ड दहा वर्षांनीही टपालात पडायचं आणि खपणारं चित्र पुन्हा पुन्हा छापलं जायचं. म्हणून कार्डच वाचायला शिकावं लागतं. मागची बाजू उभ्या रेघेने दुभंगलेली नसेल, म्हणजे तिथे फक्त पत्ता लिहायची सोय असेल आणि मजकूर चित्राच्या बाजूला कोंबलेला असेल, तर कार्ड बहुधा दुभंगलेली पाठ सुरू होण्याच्या आधीचं. ती ब्रिटनमध्ये १९०२ साली आली, जर्मनीत १९०५ साली, अमेरिकेत मार्च १९०७ मध्ये. शिकागोच्या कर्ट टाइश कंपनीच्या कार्डांवर तीसच्या दशकापासून क्रमांकातच साल लपलेलं आहे: सुरुवातीला एक आकडा आणि त्याला लागून अक्षर. ‘ए’ म्हणजे तीसचं दशक, ‘बी’ चाळीसचं, ‘सी’ पन्नासचं. ‘५ए’ दिसलं की १९३५, ‘२बी’ दिसलं की १९४२. फोटोच्या कागदावर थेट धुतलेल्या काही कार्डांवर तिकिटाच्या चौकटीत ‘एझेडओ’ ही अक्षरं आणि कोपऱ्यांत छोटे त्रिकोण असतात. चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. ही खूण कागदाची आहे, फोटोची नव्हे, हे विसरू नका. आणि ‘जर्मनीत मुद्रित’ असं वाचून कार्ड जर्मन ठरवू नका. पहिल्या महायुद्धापर्यंत अर्ध्या जगाची कार्डं जर्मनीत छापून येत. प्रथम प्रसिद्धी कुठली, ते प्रकाशकाच्या नावावरून आणि विक्री कुठे झाली त्यावरून ठरवायचं.

आता परवानगी मागायची कोणाकडे? बहुतेक प्रकाशनसंस्था कधीच्याच बंद पडल्या. टाइश कंपनीचा प्रचंड संग्रह आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे, त्यामुळे तिथे निदान पत्र पाठवायला पत्ता तरी आहे. लंडनच्या राफाएल टक अँड सन्सची कचेरी २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली आणि त्यांची दफ्तरंही गेली. अमुक चित्र कोणाकडून, कोणत्या अटींवर घेतलं, हे आता कागदावर सापडणं कठीण. भरीस भर म्हणजे त्या काळी एकाचं चित्र दुसरा सर्रास उचलायचा. कार्डावर नाव छापलेला प्रकाशक हाच हक्कदार, असं धरून चालता येत नाही.

हक्क शिल्लक आहे, पण हक्कदार सापडत नाही, अशा कार्डांसाठी काही देशांनी वाट ठेवली आहे. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ए खाली परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव जाहीर करावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१४ पासून बौद्धिक संपदा कार्यालय असा परवाना देतं, व्यावसायिक वापरासाठीही, पण तो ब्रिटनपुरताच आणि जास्तीत जास्त सात वर्षांचा. कॅनडाचं कॉपीराइट मंडळही प्रसिद्ध झालेल्या कृतींसाठी परवाना देतं. युरोपीय संघाच्या २०१२ च्या निर्देशाने सुटी छायाचित्रं वगळली, त्यामुळे तो आपल्या कामाचा नाही. माझं मत विचाराल तर ही सगळी यातायात एखाद्या अशा कार्डासाठीच करा, ज्याच्यावाचून तुमचं प्रकरण उभं राहत नाही. बाकीच्यांसाठी सोपा मार्ग आहे: कार्ड बदला. प्रसिद्ध घाट, बंदर, पूल, रेल्वेस्थानक यांची कार्डं पाच-सहा प्रकाशकांनी तरी काढलेली असतात. १९५८ चं अडचणीचं कार्ड काढून त्याच जागेचं १९२५ चं कार्ड घातलं, तर वाचकाचं काही बिघडत नाही आणि तुमचा पत्रव्यवहार वाचतो. संग्राहकांना हे जड जातं. नेमकं तेच कार्ड त्यांच्या जिव्हाळ्याचं असतं.

कार्डाची मागची बाजूही छापणार असाल तर सावध. मजकूर लिहिणाऱ्याने लिहिलेला असतो आणि त्याचा हक्क लिहिणाऱ्याचा, नंतर त्याच्या वारसांचा. कार्ड ज्याला आलं त्याचा नव्हे. ब्रिटनमध्ये एक विचित्र तरतूद आहे. लेखक १ ऑगस्ट १९८९ पूर्वी वारला असेल आणि तोपर्यंत मजकूर अप्रसिद्ध असेल, तर तो निदान २०३९ अखेरपर्यंत संरक्षित राहतो. म्हणजे पुढच्या बाजूचं १९०५ चं छायाचित्र मोकळं आणि मागच्या ‘आम्ही सुखरूप पोचलो’वर अजून हक्क, असं होऊ शकतं. प्रत्यक्षात चार ओळींच्या खुशालीवरून कोणी भांडायला आलेलं मला आठवत नाही, पण एखाद्या नामवंताचं हस्ताक्षर असेल तर वारसांना विचाराच. सामान्य माणसांची नावं-पत्ते मी झाकायला सांगतो, विशेषतः कार्ड पन्नास-साठच्या दशकातलं असेल आणि मजकुरात आजारपण, पैसे किंवा घरातली भांडणं असतील तर.

चित्रात जे दिसतंय त्याचाही हक्क असू शकतो. कोपनहेगनच्या ‘लिटल मरमेड’चा शिल्पकार एडवर्ड एरिक्सन १९५९ साली वारला, डेन्मार्कमध्ये ते शिल्प २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे आणि त्याचे वारस कोर्टात जायला कचरत नाहीत, हे छायाचित्रं छापणाऱ्या वृत्तपत्रांनी अनुभवलं आहे. भारतात सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचं छायाचित्र छापायला कलम ५२ ची मोकळीक आहे. जुन्या इमारतींची, घाटांची, रस्त्यांची कार्डं असतील तर हा प्रश्न सहसा येत नाही. वसाहतकाळात ‘नमुने’ म्हणून विकली गेलेली माणसांची, त्यातही स्त्रियांची कार्डं मात्र वेगळी. त्यातल्या बहुतेकांचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे, पण अपमानकारक मूळ मथळा जसाच्या तसा चित्राखाली लावू नका. संदर्भ द्यायचाच असेल तर मजकुरात द्या.

आता संग्रहालयाच्या स्कॅनविषयी. मुदत संपलेल्या सपाट चित्राचा हुबेहूब स्कॅन काढला म्हणून नवा हक्क जन्माला येत नाही. अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन विरुद्ध कोरल खटल्यापासून न्यायालयं हाच विचार धरतात. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात तसं कलमच घातलं, आणि ब्रिटनच्या अपील न्यायालयानेही २०२३ मध्ये नुसत्या यांत्रिक प्रतीत मौलिकता नसते, या अर्थाचं मत दिलं. भारतातही ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसती मेहनत पुरेशी नाही, थोडी तरी सर्जकता हवी, असं म्हटलं. पण कॉपीराइट नसला तरी करार असतो. संकेतस्थळावरून फाइल उतरवताना किंवा वाचनकक्षात अर्ज भरताना तुम्ही अटी मान्य केल्या असतील, तर त्या तुम्हाला बांधतात. म्हणून शक्य तिथे आपल्याकडच्या कार्डाचाच स्कॅन वापरा. ६०० डीपीआयला काढा आणि कडांसकट ठेवा. संग्रहालयाचाच हवा असेल तर ‘वापर शुल्क’ देऊन टाका आणि पावती फायलीत लावा. तिथे तत्त्वाची लढाई लढायला जाऊ नका, पुढच्या पुस्तकाला पुन्हा त्याच दारात जायचं असतं.

‘समीक्षेसाठी वापरतोय, मग कशाला परवानगी?’ हा युक्तिवाद अधूनमधून कानावर येतो. भारतात समीक्षा आणि टीकेसाठी न्याय्य वापराची सवलत आहे खरी. अमेरिकेत तर डॉर्लिंग किंडर्स्ली या प्रकाशकाने एका संगीतवृंदाच्या इतिहासाच्या ४८० पानी पुस्तकात मैफलींची सात पोस्टर्स वगैरे चित्रं परवानगीशिवाय, अगदी छोटी करून, कालक्रमाच्या पट्टीत वापरली, आणि २००६ मध्ये न्यायालयाने ते न्याय्य ठरवलं. पण त्यात काय काय होतं ते नीट पाहा: आकार लहान, दोन हजारांहून जास्त चित्रांमध्ये फक्त सात, सोबत ऐतिहासिक मजकूर. तुमच्या पुस्तकात कार्ड पानभर छापलेलं आहे आणि खाली दोन ओळींचा मथळा. तिथे चित्र हाच माल आहे. एखाद-दुसऱ्या कार्डासाठी, जिथे तुम्ही खरोखरच त्या चित्राची चिकित्सा करताय, हा आधार घ्या. अख्खं पुस्तक त्याच्यावर उभं करू नका.

परवानगीचं पत्र लिहायचंच झालं तर नेमकं लिहा. ‘आपल्या चित्राचा वापर करू इच्छितो’ एवढ्यावर येणारं ‘हरकत नाही’ पुढे निरुपयोगी ठरतं. कार्डाचा लहान स्कॅन जोडा आणि पुस्तकाचं नाव, भाषा, पहिल्या आवृत्तीच्या प्रती, पानभर की पाव पान, आत की मुखपृष्ठावर, छापील आणि ई-बुक दोन्ही, कोणकोणत्या देशांत विक्री, पुढच्या आवृत्त्या आणि भाषांतरं, हे सगळं त्यात असू द्या. मुखपृष्ठाची परवानगी वेगळी मागा. तिचे पैसे जास्त पडतात आणि नकारही तिथेच जास्त येतात. श्रेय कोणत्या शब्दांत हवं तेही विचारून घ्या. शेवटी, ‘आपल्याकडे हा हक्क नसल्यास कोणाकडे असावा, हे कळवावं’ ही ओळ घाला. निम्मे धागेदोरे त्या ओळीमुळे मिळतात. उत्तर आलं नाही तर तीन-चार आठवड्यांनी स्मरणपत्र पाठवा. मौन म्हणजे संमती नव्हे.

प्रकाशकाशी होणाऱ्या करारात हमी आणि नुकसानभरपाईचं कलम असतं. पुस्तकात कोणाचाही हक्कभंग नाही आणि दावा झाला तर भुर्दंड लेखकाचा, असा त्याचा मथितार्थ. ‘लेखकाने वाजवी शोध घेतला असून त्याच्या माहितीप्रमाणे’ अशी मर्यादा त्यात घालून मागा. बरेच प्रकाशक मान्य करतात. त्यासाठी दाखवायला नोंदवही हवी. प्रत्येक कार्डामागे एक ओळ: पुढच्या-मागच्या बाजूचा स्कॅन, छापलेली नावं आणि क्रमांक, ठरवलेलं साल आणि ते कशावरून, कुठे शोधलं, कोणाला कधी लिहिलं, काय उत्तर आलं. दीडशे ओळी भरणं कंटाळवाणं आहे, पण निवड पक्की होण्याआधीच हे सुरू केलंत तर वीसेक कार्डं आपोआपच गळतील.

‘हक्कदारांचा शोध घेण्याचा सर्वतोपरी प्रयत्न केला आहे’ ही पुस्तकाच्या सुरुवातीची ओळ छापा, पण ती ढाल नाही. तिच्या मागे नोंदवही असेल तरच तिला वजन. पुस्तक बाजारात आल्यावर कोणाचं पत्र आलंच, तर घाबरून लगेच पैसेही देऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. आधी पोच द्या, मग हक्क त्यांच्याकडे कसा आला याचे कागद मागा: मृत्युपत्र, हस्तांतरणाचा करार, जे असेल ते. नुसतं ‘माझे आजोबा फोटोग्राफर होते’ पुरत नाही, कारण आजोबांनी ती निगेटिव्ह पोस्टकार्डवाल्याला हक्कासकट विकलेली असू शकते. कागद पटले, तर त्याच आकाराच्या चित्राला इतरांना जेवढं शुल्क दिलंत तेवढंच यांना देऊ करा आणि पुढच्या आवृत्तीत श्रेय दुरुस्त करा. त्यासाठी थोडी रक्कम पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात वेगळी ठेवा.